लोखंडी मेणबत्ती-स्टँड आणि भिंतीवरचा दिवा घरी घडवायला कोणतं वेल्डिंग मशीन घ्यावं?

तुमची परिस्थिती अशी: मागे मोकळं अंगण, हाताशी ग्राइंडर आणि ड्रिल, बजेट पंधरा हजार. एक भिंतीवरचा आणि एक टेबलावरचा मेणबत्ती-स्टँड करायचाय, तर वेल्डिंग मशीन कोणतं? मशीनचं शेवटी सांगतो, कारण खरेदीच्या यादीत ते शेवटीच येतं. आधी भट्टी, मग ऐरण, मग हातोडा आणि सांडशी. पैसे उरले तर मशीन. क्रम उलटा केलात तर जे तयार होईल ते कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडे तुमच्यापेक्षा स्वस्त मिळतं.

जरा तिखट लिहितोय, कारण ‘वेल्ड मारला की झालं’ हे वाक्य ऐकून कान किटलेत. बाजारातला साधा भिंतीवरचा स्टँड एकदा उतरवून बघा. 10 मिमीचा चौरस बार जिगवर (वाकवायच्या साच्यावर) थंडच वाकवलेला असतो, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडी एकच. टोक ग्राइंडरने कापलं तसंच बोथट. हात, म्हणजे मेणबत्ती धरणारा पुढे आलेला बार, 3 मिमीच्या पाठपट्टीला (भिंतीला लागणाऱ्या पट्टीला) काटकोनात टेकवून वेल्ड केलेला, आणि वेल्ड दिसू नये म्हणून तो घासून सपाट केलेला. काटकोनी जोडाची ताकद त्या कोपऱ्यातल्या भरावात असते. तोच घासून काढला तर हात धरून ठेवायला कागदाएवढा पापुद्रा उरतो. शिवाय पातळ पट्टी वेल्डच्या उष्णतेने ओढली जाऊन पुढच्या बाजूला खोलगट होते. भिंतीवर लावताना ती सपाट करायला माणूस स्क्रू आवळतो आणि तो सगळा ताण त्या घासलेल्या वेल्डवर येतो. मग पडदा काढताना कुणाचा हात लागला की दिवा खाली.

म्हणून पाठपट्टी 5 मिमीपेक्षा पातळ घेऊ नका आणि हात तिला रिव्हेटनेच (दोन्ही बाजूंनी डोकं ठोकून बसवलेल्या खिळीने) जोडा.

माल असा आणा. हातासाठी 12 मिमी चौरस एमएस (साध्या पोलादाचा) बार, दुकानात ‘चार सूत’ म्हणून मिळतो. मीटरला साधारण 1.13 किलो भरतो आणि नग 6 मीटरचा येतो, तो दुकानातच कापून घ्या. पाठपट्टीला 40×5 ची पट्टी. ओघळणारं मेण झेलणारी ताटली आणि मेणबत्ती बसवायची वाटी यांना 16 गेजचा, म्हणजे 1.6 मिमीचा काळा पत्रा. टीएमटी सळी नको: तिच्या बरगड्या ठोकताना आत दुमडल्या जातात आणि त्या घडीतूनच पुढे चीर निघते. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप तर अजिबात नको. ‘वाटीला आयता पाइप’ म्हणून बरेच जण तोच घेतात. जस्त 907 अंशाला उकळतं आणि भट्टीची उष्णता त्याच्या बरीच वर असते. पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

भट्टीला जुना ब्रेक ड्रम, खालून हवेला पाइप आणि हाताने फिरवायचा किंवा विजेचा छोटा ब्लोअर एवढं पुरतं. दगडी कोळसा धुरकट असतो, अंगणात शेजारी ओरडतील. कोक किंवा लोणारी कोळसा बरा, फक्त लोणारी कोळशाच्या ठिणग्या उडतात आणि तो खपतोही भराभर. हवेच्या तोंडावर किमान 10 ते 15 सेंमी निखाऱ्याचा थर हवा आणि बार त्या थराच्या वरच्या अर्ध्या भागात आडवा ठेवायचा. नवशिके बार खाली खुपसतात. तिथे ताजी हवा थेट लोखंडाला लागते, जाड खपली (जळलेल्या लोखंडाचा काळा थर) धरते आणि चौरस बारच्या कडा खाल्ल्या जातात. गॅसची भट्टी स्वच्छ पडते, पण घरगुती सिलिंडर त्यासाठी वापरता येत नाही. कमर्शियल घ्यावा लागतो.

ऐरणीसाठी ‘रुळाचा तुकडा भंगारातून उचला’ असा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. रुळाचा तुकडा चांगलाच, पण रेल्वेच्या मालाचा हिशेब देता आला नाही तर 1966 च्या रेल्वे प्रॉपर्टी (अनलॉफुल पझेशन) कायद्याखाली तो गुन्हा आहे. बिल मिळत असेल तरच घ्या. नाहीतर 100 मिमी व्यासाच्या भरीव बारचा फूटभर तुकडा उभा करून लाकडी ओंडक्यात पक्का बसवा. उभा ठेवल्याने हातोड्याखाली सगळं वजन एका रेषेत येतं आणि घाव वाया जात नाही. माथ्याची एक कड कानशीने 5 मिमी गोल करा. वळण सुरू करायला तीच लागते, आणि धारदार कडेवर वाकवलं की आतल्या बाजूला खाच पडते. उंची अशी ठेवा की सरळ उभं राहून हात खाली सोडला तर मूठ माथ्याला टेकेल. हातोडा एक किलोचा पुरे.

आता हात. 12 मिमीच्या बारच्या शेवटच्या 40 मिमीवर निमुळतं टोक काढायचं. अगदी शून्यावर आणलं तर ते 120 मिमी लांब होतं, कारण सुळक्यात तेवढ्याच पायाच्या आणि उंचीच्या ठोकळ्याच्या एक तृतीयांश माल असतो. पण शून्यावर आणू नका. 3 मिमीचं टोक ठेवा, म्हणजे साधारण 90 मिमी लांबी मिळते आणि ते भट्टीत जळत नाही. ताव नारिंगीवरून पिवळ्याकडे झुकलेला हवा. टोकातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या म्हणजे लोखंड जळतंय, तेवढं छाटून टाका, ते सुधारत नाही. लाल काळसर झालं की ठोकणं थांबवून पुन्हा भट्टीत.

चौरस बार चौरसच निमुळता करायचा. एक घाव, पाव वळण, दुसरा घाव. समोरासमोरच्या दोन बाजू सारख्या नाही पडल्या तर बार समभुज चौकोनासारखा कलतो. कलला की लगेच लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर ठोकून सरळ करा. गोल टोक हवं असेल तरी आधी चौरस निमुळतं, मग कोपरे मारून अष्टकोनी, मग गोल. थेट गोल ठोकायला गेलात तर बाहेरचा माल पुढे सरकतो, आतला मागे राहतो आणि टोकाला माशाच्या तोंडासारखी पोकळी पडते.

वेलांटी, म्हणजे बारच्या टोकाचं गुंडाळलेलं वळण, वळवायच्या आधी पत्र्यावर खडूने पूर्ण मापाचं चित्र काढा. त्या रेषेवर बांधणीची मऊ तार फिरवा आणि सरळ करून मोजा, तीच बारची लांबी. सुरुवात टोकापासून: ऐरणीच्या गोल कडेबाहेर 10 मिमी टोक काढून हलक्या घावांनी खाली दाबा, मग बार उलटा करून आपल्याकडे ठोका. पहिला अर्धा वेढा हातोड्यानेच. पुढचं वळण व्हाइसमध्ये धरलेल्या दोन खुंट्यांमधून ओढत आणायचं. वेढ्यांमधलं अंतर आतून बाहेर सारखं वाढत गेलं पाहिजे. मध्येच एखादी जागा सपाट राहिली तर ती बाहेरून ठोकून जात नाही, वळण तिथपर्यंत उलगडून पुन्हा आणावं लागतं. तयार वेलांटी चित्रावर ठेवा, डोळ्यावर विश्वास नको.

पीळ हवा असेल तर तो वेलांटीच्या आधी, बार सरळ असताना. 60 ते 70 मिमी भाग सगळीकडे एकाच रंगाचा होईल असा तापवा, एक बाजू व्हाइसमध्ये, दुसरीकडे पाना, आणि एका दमात पूर्ण एक फेरा. जिथे जास्त गरम तिथे पीळ घट्ट पडतो. तिथे चमचाभर पाणी ओता आणि पुढे पिळा. नंतर बार सरळ करायचा तो लाकडी हातोड्याने, लोखंडी हातोड्याने पिळाच्या कडा ठेचल्या जातात.

वाटीचं माप भारतात कुणी नीट सांगत नाही. जेवणाच्या टेबलावरची निमुळती मेणबत्ती बुडाशी 22 मिमी असते, म्हणून वाटी आतून 23. 1.6 चा पत्रा असेल तर पट्टीची लांबी आतला व्यास अधिक जाडी, गुणिले पाय (π): 24.6 × 3.14, म्हणजे 77 मिमी. त्यातले 3 मिमी कमी करून 74 च कापा आणि सांध्यात फट राहू द्या. अडकलेलं मेण काढायला त्या फटीतून सुरी जाते, आणि मेणबत्ती एखादा मिमी जाड निघाली तर वाटी थोडी पसरते. उंची 30 मिमी ठेवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मेणबत्ती मऊ पडून कलते, 15 मिमीच्या उथळ वाटीत ती धरून राहत नाही. या पट्टीच्या खालच्या कडेला मधोमध 22 मिमीची जीभ सोडून कापायचं. ती आत वळवली की बूड झालं. टी-लाइटसाठी मात्र आतून 40 मिमीची साधी कडी पुरते, कारण टी-लाइट 38 मिमीची. तीन टी-लाइट एकाच वाडग्यात चिकटवून ठेवायचं डिझाइन करू नका. एकमेकींच्या उष्णतेने सगळं मेण पातळ होतं आणि ते एकदम पेट घेऊ शकतं.

ताटलीला 95 मिमीची चकती. लाकडी ओंडक्यात जेवणातल्या वाटीएवढा खळगा कोरा आणि गोल तोंडाच्या हातोड्याने कडेकडून आत फेऱ्या घेत ठोका. 1.6 चा पत्रा थंडच बसतो. कडेला सुरकुती आली की तिथल्या तिथे ऐरणीवर सपाट करा. राहिली तर पुढच्या फेरीत ती दुमडते आणि तिथेच फाटते. कड 8 ते 10 मिमी उचलली म्हणजे झालं. पंखा सुरू असलेल्या खोलीत मेण एकाच बाजूने ओघळतं, त्यामुळे 60 मिमीच्या नाजूक ताटल्या फोटोपुरत्या ठीक.

आता जोड, आणि इथेच ग्रिलवाल्यांशी माझं भांडण आहे. हाताच्या वरच्या टोकाला खांदा पाडून, म्हणजे बार तिथे एकदम बारीक करून, 8 मिमी चौरस चूल (भोकात बसणारी खुंटी) काढायची. ताटली आणि वाटीच्या जिभेला 8 चं भोक पाडून कोपरे कानशीने चौरस करायचे. गोल चूल केलीत तर महिन्याभरात ताटली फिरायला लागते. चुलीची लांबी 11 ते 12 मिमी: दोन पत्र्यांचे सव्वातीन, उरलेलं डोकं बसवायला. खांदा हातोड्याने कधीच काटकोनात येत नाही, म्हणून जाड लोखंडाच्या ठोकळ्यात चौरस भोक करून तो तापलेल्या चुलीवर उलटा ठोका, खांदा सपाट होतो. मग खांद्याखालचा 25 ते 30 मिमी सरळ भाग व्हाइसमध्ये धरा, ताटली आणि वाटी बसवा, छोट्या गॅस टॉर्चने फक्त चूल नारिंगी करा आणि वाटीतून 16 मिमीच्या गोल बारचा सुंभा (पंच) धरून चार-पाच जोरकस घाव. थंड होताना चूल आखडते आणि दोन्ही पत्रे खांद्यावर ओढून बसवते. हे काम हात वाकवण्याच्या आधी केलंत तर व्हाइसमध्ये धरायला सोपं जातं. फक्त पुढे वळण देताना ताटली अंगठ्याएवढ्या अंतरावर असते हे चित्रातच धरून चला.

पाठपट्टी 260 मिमी. दोन्ही टोकं तापवून पानासारखी पसरा, मग भोकं. स्क्रूच्या दोन भोकांत 200 मिमी अंतर ठेवा. दिवा भिंतीवर खालच्या टोकावर टेकतो आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो, अंतर जितकं कमी तितकी ओढ जास्त. सगळ्यात जास्त होणारी चूक: खालचं भोक नेमकं वेलांटीच्या मागे पाडणं. मग ड्रिल जात नाही, स्क्रूड्रायव्हर जात नाही, आणि माणूस स्क्रू तिरका मारतो. चित्रावर हात ठेवूनच भोकांच्या खुणा करा. हात पाठपट्टीला जोडायला 6 मिमीच्या दोन रिव्हेट. मागची डोकी भिंतीला टेकू नयेत म्हणून भोकाच्या मागच्या तोंडाला मोठ्या ड्रिलने खळगी करा. मागे साधारण 5 मिमी आणि पुढच्या गोल डोक्याला 9 मिमी, म्हणजे व्यासाच्या दीडपट, माल बाहेर ठेवा. कमी ठेवलात तर डोकं अर्धवट, जास्त ठेवलात तर रिव्हेट वाकून एका बाजूला झोपते.

ज्योत भिंतीपासून 12 ते 15 सेंमी दूर हवी, नाहीतर रंगावर काजळीचा पट्टा उठतो. भिंतीत गिलाव्याचा थर दीड-दोन सेंमी असतो आणि त्यात काहीच पकड नसते, म्हणून 8 मिमीचा प्लग आणि 50 मिमीचा स्क्रू विटेपर्यंत गेला पाहिजे. नव्या इमारतींत एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे) असतात. त्यांना त्यांचेच वेगळे प्लग लागतात, साधा प्लग नुसता गोल फिरतो.

टेबलावरच्या स्टँडला फार सांगायला नको. तीन पाय करा, चार नको. तीन पायांचा स्टँड कुठल्याही फरशीवर डुगडुगत नाही. 30 सेंमी उंचीला पाय 16 ते 18 सेंमी व्यासाच्या वर्तुळावर टेकू द्या. तिन्ही पाय एकाच जिगवर वाकवा आणि वर एका कड्यात घट्ट बांधा. 10 मिमीचे दोन चौरस बार शेजारी असतील तर घेर 60 मिमी, 3 मिमीच्या पट्टीचं कडं 66 कापून बघा. तीन बारांना घेर दोरीने मोजा आणि पट्टीच्या जाडीची दुप्पट त्यात मिळवा. पहिलं कडं भंगारात जाणार असं धरूनच करा. कडं लाल असताना बंद करायचं, आखडताना ते करकचून धरतं.

नकली कडी वेल्ड करून चिकटवणारे म्हणतात, गिऱ्हाइकाला काय कळतं. कळतं. नकली कड्याच्या आत पाणी शिरतं, पावसाळ्यात तिथून तांबूस ओघळ येतो आणि ते कडं काहीच धरत नसतं म्हणून खुळखुळतं. मुंबईत 1866 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये तीन कार्यशाळा सुरू झाल्या. सजावटीची चित्रकला जॉन ग्रिफिथ्सकडे, मूर्तिकाम लॉकवुड किपलिंगकडे आणि शोभेचं घडीव लोखंडकाम मायकल जॉन हिगिन्सकडे. 1888 साली पूर्ण झालेल्या आजच्या सीएसएमटीच्या सजावटीत त्या स्कूलच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. त्या काळी आर्क वेल्डिंग आपल्या कारखान्यांत पोचलेलंच नव्हतं. तिथल्या भव्य जिन्याचे कठडे बघायला मिळाले तर जोड बघा, नक्षी नंतर. ‘रिव्हेटला एवढा वेळ कोण देतं’ म्हणणाऱ्यांना मी तिकडेच पाठवतो.

फिनिशिंगला घाई नको. खपली राहिली तर तिच्यासकट रंग गळतो. रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा आणि लगेच गरम करून वाळवा. घरात ठेवायचा असेल तर तुकडा हलका धूर सोडेल इतका गरम करून जवसाचं तेल आणि मधमाश्यांचं मेण चोळा, काळा मऊ रंग येतो. कोकणात, वसईकडे, गोव्यात खाऱ्या हवेत हे टिकत नाही. तिथे झिंकयुक्त प्रायमर आणि वर मॅट काळा रंगच हवा. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या वाळताना आपोआप तापतात आणि पेटतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत टाका.

आता खरं बोलायचं तर वेल्डिंग मला अगदीच वर्ज्य नाही. टोपलीचा पीळ करायचा असेल तर 6 मिमीच्या चार सळ्या, प्रत्येकी 15 सेंमी, दोन्ही टोकांना एकत्र वेल्ड कराव्याच लागतात. मग तापवून घट्ट पीळ द्यायचा, पुन्हा तापवून उलट फिरवताना दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकलायची, म्हणजे सळ्या फुगून टोपली होते. भट्टीत टाकणखार लावूनही ही टोकं जोडता येतात, पण पातळ सळ्या जोडाच्या तावापर्यंत नेताना जळतात, तेव्हा सुरुवातीला मशीनच बरं. एवढ्यासाठी 160 ते 200 अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, 2.5 मिमीचा 6013 रॉड आणि 70 ते 90 अँपिअर पुरे. 1.6 च्या पत्र्याला 2 मिमीचा रॉड आणि 40 ते 60 अँपिअर, नाहीतर भोक पडेल. 16 अँपिअरच्या सॉकेटवर चालवा, एक्स्टेंशन बोर्डवर नको. डोळ्यांना गॉगल (वेल्डिंगला मात्र काळ्या काचेचा मुखवटाच) आणि अंगावर सुती कपडे दोन्ही कामांत लागतातच. हातोड्याच्या हातात मात्र हातमोजा घालू नका, पकड सुटते.